ओ द्यायची नाही

आयांच्या खोलीत त्या सकाळी नेहमीचाच कारभार चालू होता. कुणी डब्यातलं अंडं सोलत होती, कुणी पोराचा गृहपाठ पोराच्याच अक्षरात लिहून काढत होती, आणि जुळ्यांची आई भिंतीला टेकून मोज्याचं भोक शिवत होती. खोली कसली, सेटच्या मागे फळ्या ठोकून केलेला आडोसा तो. खिडकी नाही, एक कुरकुरणारा पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारावर ठळक रंगवलेली पाटी : ‘शॉट चालू असताना आईने ओ द्यायची नाही.’

पाटी वाचून नवख्या बाईला हसूच यायचं. भिंगरीच्या आईलाही पहिल्या दिवशी आलं होतं. चष्म्याच्या दुकानातली चांगली नोकरी सोडून ती लेकीबरोबर इथे येऊ लागली, तेव्हा तिला वाटलं, काय बाई एकेक नियम असतात मोठ्या लोकांचे! भिंगरी हे काही लेकीचं खरं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही, गोल गोल फिरायची, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. त्या फिरण्यावरच तर स्टुडिओवाले भाळले होते. आता पोरगी पहिलीत होती आणि रोज संध्याकाळी घराघरांतल्या टीव्हीवर दिसत होती.

नियमाचं मूळ तसं साधं. लहान मूल सेटवर सहज ‘आई’ म्हणायचं, फळीमागची आई सवयीने ‘ओ’ म्हणायची, आणि ती ओ नटांच्या बोलण्यात मिसळून सगळा शॉट फुकट जायचा. साउंडवाल्याने कपाळाला हात लावला आणि पाटी लागली. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण पुढे कुणातरी हुशार माणसाच्या लक्षात आलं की, हाकेला ओ आली नाही की लेकरू कावरंबावरं होतं. आणि कावरंबावरं लेकरू पडद्यावर फार छान दिसतं.

त्याच सुमारास ग्लिसरीनची बाटली सेटवरून हद्दपार झाली. कुठल्याशा छोट्या, स्वतंत्र म्हणवणाऱ्या स्टुडिओचा एक सिनेमा गाजला. त्यातलं मूल म्हणे अगदी खरं रडलं होतं. बस्स! मोठ्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर बैठका झाल्या आणि हुकूम सुटला : आपल्याकडेही खरं पाहिजे. लोकांना आता खोटं चालत नाही. छोट्यांनी कौतुक मिळवायचं आणि मोठ्यांनी ते घाऊक भावात विकायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज. या खेपेला विकायला निघाले होते मुलांचे अश्रू, एवढाच काय तो फरक.

सेटवर या प्रकाराला नावही पडलं होतं. ‘आई लपवणे.’ गळ्यात शिट्टी अडकवून फिरणाऱ्या सहायक दिग्दर्शिका, त्यांना सगळे शिट्टीताई म्हणत, त्या दारात येऊन सांगायच्या, ‘जेवणानंतर रडायचा सीन आहे, आई लपवा.’ खिडक्या लावून घ्या म्हणावं, इतक्या सहज.

त्या दिवशीही त्या आल्या. ‘भिंगरीच्या आई, तुम्ही बसा इथेच. आवाज नको.’

‘आज काय सांगणार तिला?’ भिंगरीच्या आईने विचारलं.

‘तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? आमचं आम्ही बघतो.’

दार लागलं. बाहेर शिट्टी वाजली. सगळ्या बायका गप्प झाल्या. फळीपलीकडे शिट्टीताईंचा लाडिक आवाज आला, ‘भिंगरी, अगं तुझी आई गेली. कंटाळली तुला. दुसरी मुलगी आणायला गेली.’

आणि मग, ‘आई?’

भिंगरीच्या आईने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात पकडले. फळी हातभर अंतरावर होती. नुसतं ‘ओ’ म्हटलं असतं तर पुरलं असतं.

‘आई! ए आई! आई गं!’

‘काय आवाज आहे पोरीचा, खणखणीत,’ जुळ्यांची आई सुईत दोरा ओवत कुजबुजली. ‘माझी दोन्ही कार्टी एव्हाना फळीला लाथा घालत बसली असती. बरंय जुळं आहे ते. एक रडून थकला की दुसरा ताजा.’ बायका तोंड दाबून हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीचं लेकरू त्या फळीपलीकडे कधी ना कधी असंच ओरडलं होतं, आणि न हसून कुठे जाणार होत्या?

सीन संपला. टाळ्या पडल्या. भिंगरी धावत आली ती आईच्या पोटात शिरली आणि दातांनी तिच्या कुडत्याची बाही पकडून उभी राहिली. शिट्टीताईंनी कॅडबरी पुढे केली. पोरीने बाही सोडली नाही.

*

घरी मात्र आता उजाडल्यापासून निजेपर्यंत एकच चाललं होतं. आई न्हाणीघरात गेली की भिंगरी दाराला नाक लावून उभी. ‘आई, आहेस?’ ‘आहे गं.’ ‘आहेस?’ ‘अगं हो, आहे.’ कडी लावायची सोय नव्हती. पोरीचं फिरणं कधी थांबलं, ते आईला नेमकं आठवेना. एक दिवस लक्षात आलं की हल्ली ही भिंतीला पाठ लावूनच बसते.

बापाची बेकरी होती. पहाटेच भट्टी पेटवायला जाणारा माणूस, दुपारी घरी यायचा तो पिठाने पांढरा आणि झोपेने अर्धा. त्याला लेकीचं कौतुक केवढं! गल्ल्यावर छोटा टीव्हीच बसवला होता त्याने. गिऱ्हाईक पाव घेता घेता म्हणायचं, ‘काय रडते हो तुमची पोरगी! काळजाला हात घालते अगदी!’ आणि याची मान ताठ व्हायची.

‘मला भीती वाटते हो,’ एकदा बायकोने विषय काढला.

‘कसली?’

‘तेच कळत नाही. पोरगी माझ्याकडे बघते ना, ते बघणंच बदललंय. मी परकी असल्यासारखी बघते.’

‘दमते गं ती. तूही दमतेस. सुट्टी लागली की जाऊ कुठेतरी,’ तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याचा डोळा लागला.

ती उठून आतल्या खोलीत गेली. भिंगरी फरशीवर बाहुल्या मांडून खेळत होती. चला, खेळतेय तरी, म्हणून आईला बरं वाटलं. ती दारातच थांबली. छोटी बाहुली पलंगाखाली अंधारात उताणी पडली होती आणि मोठी बाहुली उशीवर बसवलेली होती. भिंगरी बारीक आवाज काढून पलंगाखालून हाक मारत होती, ‘आई, ए आई!’ मग तीच चटकन उशीकडे वळायची, मोठ्या बाहुलीच्या तोंडावर बोट ठेवायची आणि दटावायची, ‘श्श! ओ द्यायची नाही. छान रडतेय.’

पोरीला उचलून घ्यावं म्हणून आई पुढे झाली, पण पाय उचलेचना. स्वतःच्या पोटच्या पोरीची तिला भीती वाटली. मग स्वतःचीच वाटली.

*

म्हणूनच तर एका दुसऱ्या स्टुडिओचं बोलावणं आलं तेव्हा तिला अगदी सुटल्यासारखं झालं. हा स्टुडिओ म्हणजे एक जुनं गोदाम होतं. वर मजले नाहीत, बैठका नाहीत, शिट्ट्या नाहीत. दहाबारा तरुण मंडळी आपापल्या घरच्या खुर्च्या आणून काम करायची. दिग्दर्शक दाढीवाला, आवाजाने मऊ. पहिल्याच दिवशी तो भिंगरीसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि कागदाचा बेडूक करून तिच्या पुढ्यात उडवला. पोरगी हसली. किती दिवसांनी!

‘मोठ्या स्टुडिओत मुलांना फसवतात ना, ते मला माहीत आहे,’ तो आईला म्हणाला. ‘घाणेरडा प्रकार आहे. आमच्याकडे मुलांशी कुणी खोटं बोलत नाही. ते लोक आकडे बघतात, ताई. आम्ही माणूस बघतो.’

‘ताई’ म्हणाला म्हणून नव्हे, पण तिचा विश्वास बसला. मोठ्या स्टुडिओला तिने सरळ रामराम ठोकला. शिट्टीताई म्हणाल्या, ‘परत यायला दार उघडं नसेल हं.’ ती म्हणाली, ‘नसू दे.’

सिनेमाची गोष्ट अशी होती : गावावर संकट येतं, एक कुटुंब घाईघाईत घर सोडून पळतं आणि गडबडीत धाकटी मुलगी माळ्यावरच्या खोलीत कोंडलेली राहून जाते. गोदामात मधोमध त्यांनी ती खोली लाकडाची बांधली होती. बाहेरून कडी, भिंतीला न दिसणारी भोकं, भोकांमागे कॅमेरे. बाकी सगळं चित्रीकरण हसतखेळत चाललं होतं. भिंगरी पुन्हा थोडी थोडी फिरायला लागली. घरी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायची, पण एकदाच विचारायची. बापाने तर बेकरीत सगळ्यांना सांगून टाकलं, ‘आता टीव्ही नाही, मोठा पडदा!’

आणि एका सकाळी दाढीवाल्याने आईला बाजूला बोलावलं.

‘उद्या खोलीतला सीन आहे. तुमची एक मदत लागेल.’

‘सांगा ना, काय करायचं?’

‘काहीच करायचं नाही. ती हाक मारेल. तुम्ही फक्त ओ द्यायची नाही.’

‘अहो, पण तुम्ही तर म्हणाला होता, मुलांशी खोटं बोलत नाही!’

‘कुठे बोलतोय? आम्ही तिला काहीच सांगणार नाही. ती खेळायला आत जाईल, दार लागेल. कुणी बोललंच नाही तर खोटं कुठून आलं?’ तो इतक्या शांतपणे म्हणाला की तिला वाटलं, आपल्यालाच काही समजत नसेल. ‘ताई, पाच-दहा मिनिटं. मग मी स्वतः दार उघडेन, मिठी मारेन, सांगेन की खेळ होता. या सीनसाठी ही सगळी पोरं घरदार सोडून राबली आहेत. आमच्याकडे मोठ्यांसारखा पैसा नाही. आमच्याकडे फक्त खरं आहे.’

‘तिला नाटक करायला सांगा ना. करेल ती. हुशार आहे.’

‘भीतीचं नाटक करता येतं. भीती करता येत नाही.’

त्या दिवशी तिने बेकरीत फोन लावला. तिकडून भट्टीचा आवाज, गिऱ्हाइकांचा गलका. ‘अगं, एवढ्यासाठी कशाला अडून बसतेस?’ नवरा म्हणाला. ‘तू तिथेच असणार ना? मग झालं! पोरीचं नाव निघेल. आपण काय, पावच भाजणार जन्मभर.’

तिने हो म्हटलं. जबरदस्ती कुणी केली नाही. कुणी धमकी दिली नाही. गोड बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सवय नव्हती, म्हणून एका आईने हो म्हटलं, आणि असंच हो देशोदेशीच्या गोदामांतून, मजल्यांतून रोज म्हटलं जातं.

*

दुसऱ्या दिवशी भिंगरी कागदाचे बेडूक घेऊन उड्या मारतच त्या खोलीत गेली. ‘आई, तूपण ये!’ ‘आलेच हं,’ आई म्हणाली. दार लागलं. बाहेरून कडी सरकली. दिवे एकेक करून उतरले. दाढीवाल्याने हाताने खूण केली आणि गोदामात सगळी माणसं जागच्या जागी थिजली.

आई भिंतीला लागूनच उभी होती. आतला कागदाचा टकटक आवाजसुद्धा तिला ऐकू येत होता. मग तो थांबला.

‘आई, अंधार झाला.’

ती गप्प.

‘आई, कडी काढ ना.’

दार हललं. आधी हळू, मग धडधड. ‘आई! ए आई! दार लागलंय! आई, मी आत आहे!’ गोदामातली एक मुलगी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत तोंडावर हात घेऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. दाढीवाल्याने मूठ वळून हवेत हलवली. मिळतंय, मिळतंय.

‘आई गं, मी शहाण्यासारखी वागेन! आई, मी काय केलं? सांग ना, मी काय केलं?’

आईच्या तोंडात रक्ताची चव आली, इतका तिने ओठ चावला होता. घशापर्यंत आलेली ओ ती गिळत होती, पुन्हा येत होती, पुन्हा गिळत होती. आता थांबवतील. एवढं मिळालं, आता थांबवतील. तिने दाढीवाल्याकडे बघितलं. त्याने तळहात दाखवला : थोडं थांबा.

आणि मग आतून आवाज यायचा बंद झाला.

एकदम. मध्येच. दार हललं नाही, हुंदका आला नाही, फरशीवर पाय वाजला नाही. गोदामातल्या माणसांना ती शांतता फार सुंदर वाटली. आईने मात्र कान भिंतीला लावला. रडणारं लेकरू जिवंत आहे हे कळतं. गप्प लेकराचं काय? श्वास कोंडला? पडली? डोकं आपटलं? आणि तिच्या तोंडून, तिने ठरवायच्या आत, फुटलं :

‘ओ! ओ गं! ओ माझे बाई! आले, आले मी!’

‘अहो ताई!’ कुणीतरी ओरडलं. तिने कडी ओढली. कडी अडकली होती. तिने दाराला खांद्याने धडक दिली, कडीत नखं घातली, आणि दार उघडलं.

भिंगरी कोपऱ्यात उकिडवी बसली होती. शुद्धीत होती. दोन्ही हात एकावर एक ठेवून तिने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. डोळे तेवढे आईकडे. आईने तिचे हात ओढून बाजूला केले, तेव्हा गालांवर बोटांचे वळ होते.

‘मी नाही हाक मारली नंतर,’ पोरगी कुजबुजली. ‘आई, मी गप्प बसले. शॉट खराब नाही केला.’

*

दाढीवाल्याने मिठी मारायला हात पुढे केले. आईने लेकीला कडेवर घेतलं आणि मागे सरली.

‘विलक्षण झालाय शॉट,’ तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते. ‘शेवटची तुमची ओ तेवढी आली आहे. ती काढून टाकू.’

‘माझी ओ काढणार?’

‘हो, काही प्रश्न नाही. सहज निघते.’

ती म्हणाली, ‘तो शॉट लावायचा नाही.’

‘ताई, तुम्ही चिडला आहात. साहजिक आहे.’

‘मी चिडलेली नाही हो. मी घाबरलेली आहे. तुम्हाला कळत कसं नाही? पोरीने स्वतःचं तोंड दाबलं. ते कुणी शिकवलं तिला? तुम्ही शिकवलंत, त्या शिट्टीवालीने शिकवलं, आणि मी शिकवलं! आम्ही उद्यापासून येणार नाही.’

‘करारावर सही केली आहे तुम्ही. आणि असं अर्ध्यावर टाकलंत तर कुठला स्टुडिओ दारात उभं करेल तुम्हाला?’

‘नका करू उभं,’ ती म्हणाली आणि पोरीला घेऊन उन्हात बाहेर पडली.

संध्याकाळी बापाला समजलं तेव्हा तो आधी बायकोवरच उखडला. ‘एवढं काय आभाळ कोसळलं? एक दिवस कळ काढली असतीस!’ भिंगरी भिंतीला पाठ लावून बसली होती. बापाने नेहमीसारखी हाक मारली, ‘भिंगरी! ये इकडे, बघ काय आणलंय!’

पोरगी हलली नाही.

‘ए भिंगऱ्या!’

तिने मान वर केली, बापाकडे नीट बघितलं, आणि ओठ मिटून घेतले. बापाने पुन्हा हाक मारली. मग आणखी मोठ्याने. तिला ऐकू येत होतं. पापणीसुद्धा लवत होती प्रत्येक हाकेला. पण ओ म्हणून येईना. बापाच्या हातातली पिशवी गळून पडली. एवढा धटिंगण माणूस, भट्टीत हात घालणारा, तो लेकीपुढे गुडघ्यांवर आला. ‘अगं बोल ना! मी बाबा! ओ दे ना गं, ओ दे!’

‘असं वाटत होतं तिला,’ आई भिंतीकडे बघत म्हणाली. ‘रोज.’

त्या रात्रीपासून बेकरीतला टीव्ही बंद झाला. नवऱ्याने पुन्हा पडद्याचं नाव काढलं नाही.

भिंगरी मुकी झाली नाही. शाळेत फळ्यावरचं वाचून दाखवायची, भूक लागली की ताटली आणून ठेवायची, विचारलं तर हो-नाही सांगायची. फक्त कुणाला हाक मारायची नाही, आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘वेळ द्या. आणि तुम्ही ओ देत राहा.’ ‘अहो, पण ती हाकच मारत नाही!’ ‘तरी देत राहा,’ त्या म्हणाल्या. म्हणून ती माउली भांडी घासता घासता, केस विंचरता विंचरता मध्येच म्हणायची, ‘ओ! आहे गं, इथेच आहे.’ शेजारपाजारचे म्हणू लागले, हिला वेड लागलं.

सिनेमा मात्र आला. उरलेले सीन एका दुसऱ्या मुलीला पाठमोरी उभी करून भागवले होते. खोलीतला सीन होता तसाच होता, ओ तेवढी नव्हती. सगळीकडे त्या सीनची वाहवा झाली. अंधारात बसलेल्या माणसांनी डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हटलं, ‘काय काम केलंय पोरीने!’ वाचकहो, तुमच्या-माझ्यापैकीही कुणी म्हटलं असेल. काम! सबंध जगाच्या कानावर एका लेकराची हाक पडली, आणि ओ देण्याऐवजी आपण टाळ्या दिल्या.

*

मग एके दिवशी जुळ्यांच्या आईचा फोन आला. नेहमीसारखी खिदळतच होती. ‘अगं, कळलं का? आमच्या सिरीयलमध्येपण तुझ्या भिंगरीसारखा खोलीचा सीन घालतायत. वरून हुकूम आलाय, अगदी तस्सा पाहिजे. सगळ्याच सिरीयली घेतायत म्हणे आता. उद्या सकाळी आमचा धाकटा आत जाणार. काही युक्ती सांग ना बाई, तुझी पोरगी एवढी कशी रडली?’

भिंगरीच्या आईला वाटलं होतं, आपण सुटलो. आपण सुटलो होतो खरे, पण ती खोली सुटली होती कुठे? गोदामातून निघून ती आता मोठ्या स्टुडिओच्या मजल्यामजल्यावर बांधली जात होती, आणि तिच्यात शिरणाऱ्या प्रत्येक लेकराला दाखवलं जाणार होतं तिच्याच पोरीचं तोंड.

‘नको घालूस गं त्याला आत,’ ती म्हणाली. ‘हात जोडते.’

तिकडचं खिदळणं थांबलं. ‘मग काय घरी बसवू? तुझ्या नवऱ्याची बेकरी आहे. माझं काय?’ आणि फोन कट झाला.

सकाळी भिंगरीची आई मोठ्या स्टुडिओकडे निघाली. भिंगरी बाही धरून उभीच होती, मागे राहायला तयार नव्हती. पोरीला तिथे पुन्हा न्यायचं म्हणजे आईचा थरकाप होत होता. पण घरी टाकून जायचं तर त्याहून नको. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने भिंगरीला ओळखलं. ‘अरे वा, आमची हिरॉईन!’ म्हणत त्याने दोघींना आत सोडलं.

आयांच्या खोलीत तोच पंखा, त्याच खुर्च्या. दोघींना बघून बायका चपापल्या. जुळ्यांची आई मधल्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर थोरला झोपलेला. मोजा नाही, सुई नाही, हात मोकळे, आणि तोंड पांढरंफटक.

‘कुठेय धाकटा?’ भिंगरीच्या आईने विचारलं.

‘आत,’ ती पुटपुटली. बाहेर शिट्टी वाजली. दारावरचा लाल दिवा लागला.

‘अगं ऊठ! अजून वेळ गेली नाही.’

‘बोलू नकोस गं! शॉट चालू झाला. हाकलून देतील.’

फळीपलीकडे कडी सरकल्याचा आवाज झाला. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. भिंगरीने आईच्या बाहीत तोंड खुपसलं. ती पायापासून मानेपर्यंत कापत होती. चूक केली, आईला वाटलं, हिला इथे आणायला नको होतं. तिने पोरीला उचलायला हात घातला, तेवढ्यात आतून आवाज आला.

‘आई?’

जुळ्यांच्या आईने डोळे गच्च मिटले.

‘आई, ए आई! दिवा गेला!’ दारावर छोट्या मुठी आपटू लागल्या. ‘आई गं! आई!’

कुणी हललं नाही. भिंगरीच्या आईच्या ओठांवर ओ आली होती, पण तिच्या ओला काय किंमत? पोराला त्याच्या आईची हवी होती. तिने जुळ्यांच्या आईच्या खांद्याला धरून हलवलं. ती दगडासारखी बसून राहिली. आणि तेव्हा खाली काहीतरी हाललं. भिंगरीने बाही सोडली होती. दोन पावलं पुढे जाऊन ती त्या खुर्चीसमोर उभी राहिली. भीतीने तिचे दात वाजत होते. कित्येक दिवसांत जिने कुणाला हाक मारली नव्हती, ती पोरगी घोगऱ्या आवाजात म्हणाली :

‘मावशी. अहो मावशी. तो तुम्हाला हाक मारतोय.’

जुळ्यांच्या आईने डोळे उघडले. समोरच्या त्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली. मग मांडीवरचा थोरला तिने शेजारणीच्या अंगावर लोटला आणि उठता उठताच किंचाळली, ‘ओ! ओ रे माझ्या राजा! आले, आले!’

आतल्या मुठी थांबल्या. ‘आहेस?’ रडका आवाज आला. ‘आई, आहेस तू?’

‘आहे रे! इथेच आहे!’

लाल दिव्याखालचं दार दोघी आयांनी मिळून ढकललं. सेटवरची सगळी डोकी वळली. शिट्टीताई तोंडातली शिट्टी काढून, हात पसरून धावत आडव्या आल्या. ‘वेड लागलंय का तुम्हाला? दिसत नाही का, शॉट चालू आहे!’

‘दिसतंय,’ भिंगरीची आई म्हणाली. ‘म्हणूनच आलोय.’